ब्लू-रे ड्राइव्ह लॅपटॉपला जोडण्याआधी

लॅपटॉपमधला डिस्कचा कप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ॲपलने २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये तो दिलाच नाही आणि पुढे एकेक करत बहुतेक कंपन्यांनी तीच वाट धरली. घरातल्या डिस्क मात्र कुठे गेल्या नाहीत. कपाटात लग्नाच्या डीव्हीडी असतात, नाटकांच्या व्हीसीडी असतात, जुन्या फोटोंच्या सीडी असतात, अमेरिकेतून किंवा लंडनहून कुणीतरी आणलेले चित्रपटांचे ब्लू-रे असतात. त्या पाहायच्या म्हणून लोक यूएसबीला जोडायचा बाहेरचा ब्लू-रे ड्राइव्ह घेतात. डिस्क घालतात, ती फिरते, फोल्डर दिसतात, पण चित्रपट सुरू होत नाही. ड्राइव्ह खराब निघाला असं समजून तो परत पाठवला जातो.

बहुतेक वेळा ड्राइव्हचा काहीच दोष नसतो. डिस्क वाचणं आणि डिस्कवरचा चित्रपट दाखवणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत, हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं, घोटाळा तिथे होतो. ड्राइव्ह फक्त पहिलं काम करतो. दुसरं काम सॉफ्टवेअरचं आहे आणि त्या सॉफ्टवेअरकडे किल्ल्या लागतात. हे एकदा नीट कळलं की ड्राइव्ह घ्यावा की नाही, घेतला तर कोणता आणि कशासाठी, हे प्रश्न फारसे अवघड राहत नाहीत.

आधी डिस्कबद्दल

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे हातात घेतल्या तर सारख्याच दिसतात. तिन्ही १२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि साधारण १.२ मिलिमीटर जाडीच्या. फरक आहे तो त्यांच्यावरच्या खुणा किती बारीक आहेत यात. खुणा वाचायला लेझर किरण लागतो आणि किरणाची तरंगलांबी जितकी कमी, तितका तो लहान ठिपक्यावर एकवटता येतो. सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, निळ्या-जांभळ्या रंगाचा. सोबत भिंगही अधिक ताकदीचं असतं. त्यामुळे सीडीवर दोन शेजारच्या ओळींमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर लागायचं, डीव्हीडीवर ते ०.७४ झालं आणि ब्लू-रेवर ०.३२. एका थराच्या ब्लू-रेवरची ती गोल गोल फिरत जाणारी एकच ओळ उलगडून सरळ केली तर सुमारे २७ किलोमीटर भरेल.

असा निळा लेझर बनवणं फार काळ कुणाला जमत नव्हतं. गॅलियम नायट्राइड या पदार्थावर जपानमध्ये चिकाटीने काम झालं आणि १९९० च्या दशकात शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत आधी तेजस्वी निळा एलईडी आणि मग निळा-जांभळा लेझर घडवला. निळ्या एलईडीसाठी त्यांना, इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या टेबलावरच्या या छोट्या डबीत त्या संशोधनाचा वाटा आहे.

सीडीवर ७०० मेगाबाइट, डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट, ब्लू-रेच्या एका थरावर २५ गिगाबाइट. दोन थरांची ब्लू-रे ५० ची. बीडीएक्सएल प्रकारात तीन थरांची १०० आणि चार थरांची १२८ गिगाबाइटची डिस्क मिळते. २५ गिगाबाइटची कोरी डिस्क विंडोजमध्ये घातली की २३.३ एवढीच जागा दिसते. यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं.

हाताळण्याच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत, डिस्कच्या मधोमध असतो. ब्लू-रेत तो खालच्या बाजूला पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटरवर असतो. २००३ साली जपानमध्ये आलेल्या सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क त्यामुळेच प्लास्टिकच्या पेटीत बंद असायच्या. नंतर ओरखड्यांना दाद न देणारा कडक लेप सापडला आणि पेटी गेली. त्या लेपामुळे ब्लू-रे डीव्हीडीपेक्षा कमी ओरखडते, पण एकदा खोल ओरखडा गेला तर सावरायला जागा नसते. सीडीचं नेमकं उलटं आहे. तिचा चमकता थर वरच्या, नाव छापलेल्या बाजूला लागून असतो. सीडीवर बॉलपेनने जोर लावून नाव लिहिणं हे खालून ओरखडा पाडण्यापेक्षा जास्त घातक.

ब्लू-रे ड्राइव्हमध्ये तिन्ही तरंगलांबींचे किरण असतात, म्हणून तो डीव्हीडी आणि सीडीही वाचतो. आपल्याकडच्या घरांसाठी ही मला त्याची सर्वांत मोठी उपयुक्तता वाटते. तिच्याकडे पुढे येतो.

वेग पुरतो, वीज पुरत नाही

ड्राइव्ह जोडल्यावर पहिली अडचण बहुधा विजेची येते, आणि ती ओळखता आली नाही तर माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

ब्लू-रेचा मूळ वेग, म्हणजे १एक्स, सेकंदाला ४.५ मेगाबाइट. लॅपटॉपसाठीचे सडपातळ ड्राइव्ह साधारण ६एक्सचे, म्हणजे जास्तीत जास्त २७ मेगाबाइट. जुन्या यूएसबी २.० मधून प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस मेगाबाइट जाऊ शकतात. म्हणजे नुसत्या वेगाचा विचार केला तर जुनं पोर्टही पुरतं. तरीही यूएसबी ३.० चं पोर्ट वापरा असं सांगतात, ते मुख्यतः विजेसाठी. यूएसबी २.० चं पोर्ट नियमानुसार ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३.० चं ९००. डिस्क स्थिर अवस्थेतून गरगर फिरायला लागते तो क्षण आणि डिस्कवर लिहितानाचा काळ, या दोन वेळी ड्राइव्ह सर्वांत जास्त वीज ओढतो, आणि काही ड्राइव्ह तेव्हा १ अँपिअरच्याही वर जातात.

वीज कमी पडली की लक्षणं ठरलेली असतात. डिस्क फिरायला लागते आणि थांबते, पुन्हा फिरते, पुन्हा थांबते. आतून टकटक आवाज येतो. यूएसबीवरचं उपकरण काढल्यावर विंडोज जो आवाज करतं तो मधूनच ऐकू येतो. डीव्हीडी नीट चालते आणि ब्लू-रे चालत नाही. डिस्क लिहिताना निम्म्यात बिघडते आणि कोरी डिस्क वाया जाते. असं झालं तर आधी हब, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी, बाजूला करा आणि ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा. लांब किंवा जुनी केबल बदला. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दुसरं तोंडही पोर्टमध्ये घाला, ते फक्त विजेसाठी असतं. दोन पोर्ट मोकळी नसतील तर स्वतःच्या ॲडॅप्टरवर चालणारा हब घ्यावा. बॅटरीवर चालवताना काही लॅपटॉप पोर्टची वीज आवळतात, म्हणून डिस्क लिहायची असेल तर लॅपटॉप चार्जरला लावूनच लिहा.

दुसरा पर्याय म्हणजे डेस्कटॉपचा मोठा ड्राइव्ह, स्वतःचा वेगळा ॲडॅप्टर असलेल्या बाहेरच्या डब्यात बसवलेला. तो जड असतो, टेबलावरून हलत नाही, पण वेगवान असतो आणि विजेची कुरकुर करत नाही. शंभरेक डिस्क उतरवून घ्यायच्या असतील तर मी तोच सुचवेन. एखाद-दुसऱ्या डिस्कसाठी सडपातळ ड्राइव्ह पुरे.

ड्राइव्ह सपाट, टणक जागेवर ठेवायचा. गादीवर किंवा मांडीवर नाही. आतलं भिंग फिरत्या डिस्कच्या अगदी जवळ असतं आणि ओळींमधलं अंतर एक तृतीयांश मायक्रोमीटरच्या आसपास आहे. हलक्या धक्क्यानेही त्याची नजर चुकते.

चित्रपट का सुरू होत नाही

आता मुख्य मुद्दा. वीज पुरेशी आहे, डिस्क स्वच्छ आहे, बीडीएमव्ही नावाचं फोल्डर दिसतं आहे, आत मोठमोठ्या फाइली आहेत. फाइल उघडली की काळा पडदा, चौकोनी रंगीत कचरा, नाहीतर चूक झाल्याचा संदेश.

कारण त्या फाइली कुलूपबंद आहेत. दुकानात विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या चित्रपटांच्या ब्लू-रेवर एएसीएस नावाची संरक्षण पद्धत असते. डिस्ने, वॉर्नर, सोनी, पॅनासॉनिक, तोशिबा, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम या कंपन्यांनी मिळून ती उभी केली. बँकेच्या लॉकरसारखं तिचं काम चालतं. एक किल्ली बँकेची, एक आपली, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. डिस्कवर किल्ल्यांचा एक गठ्ठा असतो आणि त्या विशिष्ट डिस्कची एक गुप्त ओळख असते. परवाना घेतलेल्या प्लेअरकडे, मग तो टीव्हीखालचा डबा असो की संगणकावरचं सॉफ्टवेअर, स्वतःच्या किल्ल्या असतात. दोन्हींचा मेळ बसला की चित्रपटाची खरी किल्ली तयार होते आणि चित्र उलगडतं.

यात ड्राइव्हही नुसता पोस्टमनचं काम करत नाही. डिस्कची ती गुप्त ओळख देण्याआधी तो सॉफ्टवेअरकडे प्रमाणपत्र मागतो. प्रमाणपत्र रद्द केलेल्यांच्या यादीत असेल तर सरळ नकार देतो. ही यादी नव्या डिस्कबरोबर येते आणि ड्राइव्हच्या स्मृतीत कायमची साठते. म्हणून कधी कधी असं होतं की कालपर्यंत चालणारं जुनं सॉफ्टवेअर, एक नवी डिस्क घातल्यानंतर जुन्या डिस्कही दाखवेनासं होतं. ते अद्ययावत करणं हाच उपाय. आणि त्यासाठी ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी नव्या किल्ल्या देत राहिली पाहिजे.

ही पद्धत आल्या आल्याच तिला तडा गेला होता. २००७ च्या सुरुवातीला संगणकावरच्या एका प्लेअरच्या किल्ल्या काही हौशी लोकांनी शोधून काढल्या. ३२ अंक-अक्षरांचा एक आकडा इंटरनेटवर फिरू लागला. एएसीएसच्या वकिलांनी तो काढून टाकण्याच्या नोटिसा पाठवल्या, आणि १ मे २००७ ला डिग या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळाच्या वाचकांनी चिडून पानंच्या पानं त्याच आकड्याने भरून टाकली. किल्ल्या रद्द झाल्या, नव्या आल्या, आणि रद्द करण्याची ही यंत्रणा तेव्हापासून आजवर चालू आहे. त्याची झळ पायरसी करणाऱ्याला फारशी लागत नाही. पैसे मोजून डिस्क विकत घेतलेल्या माणसाला लागते, आणि हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

ब्लू-रे चित्रपट दाखवण्याची सोय ना विंडोजमध्ये आहे ना मॅकमध्ये. प्रत्येक प्रतीमागे परवान्याचे पैसे द्यावे लागतात, आणि बहुसंख्य ग्राहक डिस्क वापरतच नाहीत. स्टीव्ह जॉब्ज यांनी ऑक्टोबर २००८ मध्येच परवान्यांच्या गुंतागुंतीकडे बोट दाखवून ब्लू-रेला मॅकबाहेर ठेवलं आणि ॲपलने तो निर्णय कधी बदलला नाही. तेव्हा विंडोजवर सायबरलिंकच्या पॉवरडीव्हीडीसारखं परवानाधारक सॉफ्टवेअर विकत घेणं हा सरळ मार्ग. ड्राइव्हसोबत ते मोफत मिळालं असेल तर आधी आवृत्ती पाहा. अनेकदा सोबत जुनी, कापलेली आवृत्ती येते.

व्हीएलसी या मोफत प्लेअरबद्दल बराच गैरसमज आहे. व्हीएलसीला ब्लू-रेची रचना कळते, पण कुलपाच्या किल्ल्या त्याच्यासोबत येत नाहीत. म्हणून तो दुकानातला चित्रपट थेट दाखवत नाही. मात्र कुलूप नसलेली ब्लू-रे, म्हणजे लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्याने स्वतः बनवलेली किंवा आपण घरी लिहिलेली, तो छान दाखवतो. डिस्कचा मेन्यू दिसत नसेल तर घाबरू नका. अनेक ब्लू-रेंचे मेन्यू जावामध्ये लिहिलेले असतात आणि संगणकावर जावा नसेल तर ते उघडत नाहीत. व्हीएलसीत मेन्यूशिवाय चालवण्याचा पर्याय आहे.

कुलूप तोडून फाइल बनवून देणारी सॉफ्टवेअर आहेत, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. कायदा काय म्हणतो तेही ठाऊक असावं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ घातलं गेलं. कॉपीराइट मोडण्याच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. इथे हेतूला महत्त्व आहे. अमेरिकेतला १९९८ चा कायदा याहून कडक आहे, तिथे कुलूप तोडण्यावरच बंदी आहे, काही मोजके अपवाद सोडून. त्यामुळे पुण्यात राहणाऱ्याला लागू होणारं उत्तर न्यू जर्सीत राहणाऱ्या त्याच्या बहिणीला लागू होईलच असं नाही.

फोरके डिस्कचा वेगळा पेच

अल्ट्रा एचडी ब्लू-रे, म्हणजे फोरकेची डिस्क, लॅपटॉपवर पाहायची असेल तर माझा सल्ला एका वाक्याचा आहे: तो नाद सोडा, टीव्हीला जोडायचा वेगळा प्लेअर घ्या.

या डिस्कसाठी एएसीएसची दुसरी, अधिक कडक आवृत्ती आली. संगणकावर ती अधिकृतपणे चालवायला इंटेल प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सुरक्षित कोठडी लागायची. किल्ल्या त्या कोठडीतच उलगडायच्या, म्हणजे बाकी कुणाला त्या दिसणार नाहीत. ही सोय सातव्या ते दहाव्या पिढीच्या काही इंटेल प्रोसेसरमध्ये होती. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ती कधीच नव्हती. अकराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरमधून एसजीएक्स काढून टाकलं. म्हणजे आजचा महागडा, नवाकोरा लॅपटॉप जे करू शकत नाही ते २०१७ चा एखादा लॅपटॉप, नशीब चांगलं असेल तर, करू शकायचा. नवा लॅपटॉप घेऊन फोरके दिसेल अशा आशेने कुणी पैसे घालू नयेत.

साध्या ब्लू-रेचं चित्र काही कमी नसतं, हेही सांगायला हवं. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी सेकंदाला ५ मेगाबिटचं इंटरनेट पुरेसं मानतं. ब्लू-रेवर नुसत्या चित्राला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. अंधारातले प्रसंग, धूर, पाऊस, गर्दी अशा ठिकाणी हा फरक साध्या डोळ्यांनी दिसतो, विशेषतः लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला तर. तो जोडताना पडदा केबलमधून जाणाऱ्या चित्राचं एचडीसीपी नावाचं संरक्षण समजणारा हवा, नाहीतर परवानाधारक सॉफ्टवेअर चित्र द्यायला नकार देतं. जुन्या प्रोजेक्टरवर हमखास हे घडतं.

बाहेरून आलेल्या डिस्क

परदेशातून डिस्क मागवणाऱ्यांनी प्रदेशांचे कोड पाहावेत. ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग केले आहेत. अमेरिका, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया ‘ए’मध्ये, युरोप, ऑस्ट्रेलिया, आखात आणि आफ्रिका ‘बी’मध्ये, तर भारत, चीन, रशिया ‘सी’मध्ये. शिकागोहून मामाने आणलेली डिस्क ‘ए’ची असू शकते आणि दुबईहून आलेली ‘बी’ची. पण अनेक डिस्क तिन्ही प्रदेशांसाठी खुल्या असतात, खोक्याच्या मागे तिन्ही अक्षरं छापलेली दिसतात. फोरकेच्या डिस्कवर प्रदेशाचं बंधन मुळीच नाही.

ब्लू-रेचा प्रदेश सॉफ्टवेअर तपासतं, डीव्हीडीचा प्रदेश मात्र ड्राइव्ह स्वतः तपासतो. डीव्हीडीत भारत पाचव्या प्रदेशात येतो, अमेरिका पहिल्या. ड्राइव्हचा डीव्हीडी प्रदेश फक्त पाच वेळा बदलता येतो आणि पाचव्या बदलानंतर तो तिथेच कायमचा अडकतो. विंडोजने प्रदेश बदलायचा का असं विचारलं तर घाईघाईत ‘हो’ म्हणू नका.

जुन्या डिस्कसाठी हा ड्राइव्ह घ्या

चित्रपटांची एवढी कटकट ऐकल्यावर ड्राइव्ह घ्यायचाच कशाला, असं वाटेल. मी म्हणेन, आपल्या घरातल्या जुन्या डिस्क वाचवण्यासाठी घ्या, आणि लवकर घ्या.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी घरांमधली लग्नं, मुंजी, साठीशांत, गावच्या जत्रा, शाळेची गॅदरिंग आधी व्हीएचएसवर, मग व्हीसीडीवर आणि मग डीव्हीडीवर गेली. चित्रीकरण करणारे स्टुडिओ त्यांच्याकडची मूळ प्रत किती वर्षं ठेवतील याचा भरवसा नाही. घरातली ती एक चकती हीच अनेकदा एकमेव प्रत असते. आणि लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीत माहिती एका सेंद्रिय रंगाच्या थरात असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर हळूहळू मरतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर डिस्कवर बुरशीही येते. ब्लू-रे ड्राइव्ह तिथे उपयोगी पडतो, कारण तो सीडी, व्हीसीडी आणि डीव्हीडी हे तिन्ही जुने प्रकार वाचतो, आणि या कामात एएसीएस, किल्ल्या, परवाना यांचा काहीही संबंध येत नाही.

डिस्क पुसताना मऊ, कोरडं सुती कापड किंवा चष्म्याचं कापड घ्यायचं आणि मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसायचं. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा ओळीच्या दिशेने लांबवर जातो आणि सलग माहिती खातो. आडवा ओरखडा प्रत्येक ओळीत थोडीच माहिती खातो आणि तेवढी ड्राइव्ह आपल्या दुरुस्तीच्या गणितातून भरून काढतो.

व्हीसीडीची एक खोड माहीत असावी. तिच्यातली डॅट फाइल विंडोजमध्ये उचलून दुसरीकडे चिकटवली की बऱ्याचदा कॉपी होता होता चूक दाखवते, आणि लोक डिस्क खराब झाली समजून टाकून देतात. डिस्क चांगली असते. व्हीसीडीवरचं चित्र वेगळ्या प्रकारच्या विभागांत लिहिलेलं असतं आणि विंडोजची साधी कॉपी तिथे गडबडते. व्हीएलसीत ती डिस्क म्हणून उघडा, चालेल, आणि व्हीएलसीच्याच रूपांतराच्या सोयीतून नवी फाइल बनवा. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे आजच्या मानाने फार लहान आणि धूसर असेल. तरीही आजीचा आवाज त्यात असेल तर ती फाइल जपायची.

डीव्हीडी वाचताना एखाद्या ठिकाणी अडकत असेल तर तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. दोन ड्राइव्हच्या भिंगांत आणि वाचण्याच्या सहनशक्तीत खरोखर फरक असतो. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आहे. ते आधी चांगला भाग उतरवून घेतं आणि मग खराब भागावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, मधे थांबवलं तरी पुढे तिथून सुरू करता येतं. कॅमेऱ्यात थेट छोटी डीव्हीडी लिहिणारे कॅमेरे एकेकाळी आले होते. त्यांच्या डिस्क कोऱ्या दिसल्या तर त्या ‘फायनलाइझ’ करायच्या, म्हणजे लिहून झाल्यावर बंद करायच्या, राहून गेल्या असण्याची शक्यता मोठी. तो जुना कॅमेरा घरात असेल तर विकू नका, तो त्याच डिस्क अजून बंद करून देऊ शकतो. या छोट्या डिस्क कप्प्याच्या ड्राइव्हमध्येच घाला. डिस्क आत ओढून घेणाऱ्या फटीच्या ड्राइव्हमध्ये त्या अडकतात.

उतरवलेलं सगळं ठेवायला ब्लू-रे हीच चांगली जागा आहे. ब्लू-रेच्या नेहमीच्या बीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या, डिस्कमध्ये सेंद्रिय रंग नसतो, धातूंचे अकार्बनी थर असतात, म्हणून त्या डीव्हीडी-आरपेक्षा जास्त टिकाऊ. एलटीएच लिहिलेल्या स्वस्त डिस्क मात्र सेंद्रिय रंगाच्याच असतात, त्या घेऊ नका. एम-डिस्क नावाचा प्रकार हजार वर्षं टिकेल असा बनवणाऱ्यांचा दावा आहे. दावा बाजूला ठेवला तरी, एकदा लिहिलेली डिस्क पुन्हा बदलता येत नाही हा गुण मोठा आहे. हार्ड डिस्कवर व्हायरस येऊन सगळ्या फाइली कुलूपबंद करू शकतो, कपाटातल्या डिस्कला तो हात लावू शकत नाही. क्वचित उघडली जाणारी माहिती ठेवण्यासाठी फेसबुकनेही जानेवारी २०१४ मध्ये १०,००० ब्लू-रे डिस्कचं, एक पेटाबाइट मावेल असं कपाट दाखवलं होतं.

लिहिताना घाई नको. २५ गिगाबाइटची डिस्क ४एक्स वेगाने साधारण २३ मिनिटांत लिहून होते, त्यानंतर तपासणीचा पर्याय चालू ठेवला तर आणखी तेवढाच वेळ. तो पर्याय चालूच ठेवा. दोन प्रती काढा आणि दुसरी वेगळ्या घरी ठेवा. डिस्क उभ्या, अंधाऱ्या कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवायच्या.

लवकर घ्या असं म्हणण्यामागे कारण आहे. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्यायोग्य ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. एलजीने ब्लू-रे प्लेअर बनवणं बंद केलं. भारतात नोएडाच्या मोझर बेअरने एकेकाळी घराघरांत कोऱ्या डिस्क आणि स्वस्त व्हीसीडी पोचवल्या, ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीतून अवसायनात गेली. व्हर्बाटिमसारखे मोजके उत्पादक अजून आहेत, पण निवड दरवर्षी कमी होत चालली आहे.

घेताना काय पाहायचं

खोक्यावरच्या शब्दांत मेख असते. ‘कॉम्बो’ असं लिहिलं असेल तर तो ब्लू-रे फक्त वाचतो, लिहितो ती डीव्हीडी. ब्लू-रे लिहायचे असतील तर ‘बीडी-आरई’ किंवा ‘ब्लू-रे रायटर’ हवा, आणि १०० गिगाबाइटच्या डिस्क वापरायच्या असतील तर बीडीएक्सएलचा उल्लेख हवा. ऑनलाइन दुकानात ब्लू-रे शोधलं की शेजारी साधे डीव्हीडी ड्राइव्हही दिसतात आणि काहींच्या लांबलचक नावांत ब्लू-रे हा शब्द कोंबलेला असतो. किंमत संशयास्पद कमी असेल तर तो डीव्हीडी ड्राइव्हच आहे असं समजा. ॲपलचा जुना सुपरड्राइव्ह सुंदर दिसतो, पण तो ब्लू-रे वाचत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी दुकानातून घेत असाल तर लॅपटॉप सोबत न्या आणि तिथेच लावून पाहा. विंडोजमध्ये ‘धिस पीसी’ उघडल्यावर ड्राइव्हच्या नावापुढे बीडी-रॉम किंवा बीडी-आरई दिसलं पाहिजे. फक्त डीव्हीडी दिसलं तर तो ब्लू-रे नाही, विकणारा काहीही म्हणो.

ऑनलाइन घेतलात तर परत करण्याची मुदत संपण्याआधी तीन डिस्क तपासा: एक सीडी, एक डीव्हीडी, एक दोन थरांची ब्लू-रे. तीन वेगळे किरण आहेत, एक बिघडलेला आणि दोन चांगले असंही होतं. डिस्क नुसती उघडली म्हणून थांबू नका, कारण डिस्क आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते आणि सुरुवातीचा भाग जवळजवळ नेहमी वाचला जातो. ब्लू-रेवरच्या स्ट्रीम फोल्डरमधली सर्वांत मोठी फाइल लॅपटॉपवर पूर्ण कॉपी करा. कुलूपबंद असली तरी कॉपी होते, फक्त ती चालणार नाही. तीसेक गिगाबाइटची फाइल न अडखळता, मध्येच न तुटता उतरली तर ड्राइव्ह, केबल आणि पोर्टची वीज, तिन्ही ठीक आहेत. उतरल्यावर ती फाइल पुसून टाका.